कढई घासणाऱ्या करुणाबाईची बर्फी

मध्य प्रदेशातल्या सौंसरच्या बसस्टँडसमोर गजाननशेठचं मिठाईचं दुकान आहे. नागपूरची गाडी लागायला वेळ असला की लोक तिथं चहा-कचोरी घेतात आणि निघताना पाहुण्यांसाठी संत्रा बर्फीचा डबा बांधून नेतात. दुकानामागे भट्टीची खोली आहे. ती ओलांडली की उघडं अंगण लागतं. त्या अंगणात, नळाजवळ बसून, करुणा सोमकुंवर एकोणीस वर्षं कढया घासत होती.

डिसेंबरातल्या एका बुधवारी गजाननशेठ स्वतः मागच्या अंगणात आले. एरवी ते गल्ला सोडत नसत.

"करुणाबाई, ऐकलं ते खरं काय? पोरगी नर्स लागली म्हणे सरकारी दवाखान्यात?"

"हो जी. पांढुर्ण्याले. सोमवारी रुजू व्हायचं आहे."

"अरे वा! पांढुर्णा जिल्हा झाला, आपल्या पोरीबाळींचं भलं झालं. मग पहिल्या दिवशी रिकाम्या हातानं जाईल काय ती? शनिवारी दोन किलो पेढे घेऊन जा माझ्यातर्फे. पैसे नाही पाहिजे."

शेठ मनापासून बोलत होते, हे करुणाला कळत होतं. तिनं हातातला तारेचा घासा खाली ठेवला, नळाखाली हात धुतले आणि उभी राहिली.

"नको जी, शेठजी. मिठाई मी घरीच करणार आहे."

"घरी? काय करशील?"

"संत्रा बर्फी."

शेठ हसले. वाईट हसणं नव्हतं ते, लहान मुलानं ट्रक चालवायचं म्हटल्यावर मोठी माणसं हसतात तसलं होतं. "अगं बाई, हेमराजले तो हात बसाले चार वर्षं लागले. आणि त्याचं प्रमाण मी आजवर कोणाले सांगतलं नाही. तू लाडू-बिडू कर बेसनाचे."

"पाहते करून," करुणा म्हणाली आणि पुन्हा कढईसमोर बसली.

खरं तर तोंडातून शब्द निघेपर्यंत तिनं काहीच ठरवलेलं नव्हतं. पण निघाला तो निघाला. परत घ्यावा असं तिला एकदाही वाटलं नाही.

करुणाला मिठाईतलं काही कळत नव्हतं असं कोण म्हणेल? तिनं भट्टी कधी हाताळली नव्हती, पण तिथून उठलेली प्रत्येक कढई तिच्या पुढ्यात येत होती. कढईच्या काठाला साखरेची पांढरी कड धरली असेल तर पाक पुढे गेला. तळाला तांबूस पापुद्रा असेल तर दुधाला आच लवकर लावली, आणि ढवळायचा खुरपा एका जागी थांबला असेल तर तिथंच वाटीएवढा काळा डाग. हेमराज कारागिराचं घरी भांडण झालं की कढई करपते, हेसुद्धा तिला ठाऊक होतं. साठीचा तो माणूस कोणाशी फार बोलत नसे, पण त्याची कढई सगळं सांगून टाकी.

दहा वर्षांपूर्वीची गोष्ट. हेमराज दूधवाल्याशी बोलायला बाहेर गेला आणि तिकडेच गुंतला. खवा कढईत आटत आला होता. करुणाला वास आला. ती अंगणातून धावत आत गेली, खुरपा उचलला आणि तळापासून दूध हलवायला लागली. दोन मिनिटं हलवलं असेल. तेवढ्यात दारात शेठ उभे.

"करुणाबाई, सोड ते. गिऱ्हाईक बघतात."

आवाज चढवला नव्हता त्यांनी. पण गिऱ्हाईक काय बघतात आणि बघून काय म्हणतील, हे समजायला करुणाला आणखी एक शब्दही लागला नाही. शेठला तिची वस्ती माहीत होती, तिच्या घरातला बाबासाहेबांचा फोटो माहीत होता. तिनं खुरपा कढईच्या काठाला टेकवून ठेवला आणि मागे गेली. हेमराज येईपर्यंत खवा करपला. ती कढई घासायला तिला तासभर लागला.

दुसरी गोष्ट सहा वर्षांपूर्वीची. बुद्धपौर्णिमेला तिनं घरी खीर केली होती. वेलची घालून, छान दाट. दुकानातल्या सगळ्यांसाठी मोठा डबा भरून नेला. शेठ म्हणाले, "वा वा, ठेव तिथं, खातो मग." संध्याकाळी डबा रिकामा होऊन घासायच्या भांड्यांत आला तेव्हा तिला बरं वाटलं. मग ती कचरा टाकायला मागच्या गल्लीत गेली. तिथं घमेल्यात खीर ओतलेली होती आणि गल्लीतली गाय मन लावून खात होती.

करुणानं ते घरी कोणालाच सांगितलं नाही. श्रुतीचं नर्सिंगचं शिक्षण व्हायचं होतं, नवरा गुणवंता संत्र्याच्या तोडणीवर जायचा आणि हंगाम संपला की घरी बसायचा. ती रोज दहाला दुकानात जात राहिली. दुकानात घरचं काही नेणं मात्र तिनं त्या दिवसापासून बंद केलं.

बुधवारी संध्याकाळी तिनं घरी बर्फीचं सांगितलं तेव्हा गुणवंता एवढंच म्हणाला, "संत्रे किती पाहिजेत?" सध्या आंबिया बहराची तोडणी चालू होती. मोठा माल पेट्यांत भरून झाला की बारीक संत्री, ज्यांना सगळे चुरी म्हणतात, ती मजुरांना नेऊ देत. घरात पाच-सहा होतीच; दुसऱ्या दिवसापासून तो रोज पिशवी भरून आणू लागला.

गुरुवारी पहाटे पाचला करुणा उठली. शेजारच्या उषाबाईंकडून दोन लिटर म्हशीचं दूध आणलं होतं. ते मंद आचेवर ठेवून ती हलवत बसली. दूध निम्मं झालं, दाट झालं, तशी तिनं वाटीभर संत्र्याचा रस त्यात ओतला. डोळ्यांदेखत दूध फाटलं. पिवळं पाणी एकीकडं, गोळे एकीकडं.

 तिनं गॅस बंद केला.

गुणवंतानं त्यात साखर घालून वाटीभर खाल्लं. "कलाकंद म्हणून बरं आहे," तो म्हणाला.

"मी कलाकंद नाही करून राहिली."

"मी कुठं काही म्हणून राहिलो? चांगलं आहे म्हटलं."

शुक्रवारी तिनं आधी खवा पुरता होऊ दिला. गोळा कढई सोडायला लागल्यावर त्यात संत्र्याच्या फोडी सोलून, बारीक करून टाकल्या, आणि वास यावा म्हणून सालही किसून घातली. या वेळी दूध फाटलं नाही. रंग सुरेख आला. श्रुतीनं बोटावर घेऊन चाखलं आणि तोंड असं केलं की करुणाला पुढं विचारायची गरजच उरली नाही. कडू होती. कारल्यासारखी कडू.

श्रुती तेवीस वर्षांची होती, शहाणी होती आणि तिला आईची दया येत होती. पहाटे पाचला उठून दूध आटवायचं, मग दहा ते सात कढया घासायच्या. तिचं मनगट सुजलं होतं.

"आई, पुरे कर आता," ती म्हणाली. "दोन किलो पेढे फुकट भेटून राहिले ना? वॉर्डात कोण पाहते घरचे आहेत का दुकानाचे?"

"मी पाहते."

"पण काहून? त्या शेठनं चांगल्या मनानं देतो म्हटलं. त्यात तुझा कोणता अपमान झाला?"

करुणा कढईत पाणी घालत होती. ती थांबली. मग तिनं खिरीची गोष्ट सांगितली. घमेलं, गाय, सगळं. सांगताना तिचा आवाज सरळ होता, बाजारातून काय आणलं ते सांगावं तसा. श्रुती ऐकत गेली आणि तिचा चेहरा बदलत गेला. त्या दुकानातून दर दिवाळीला येणारा डबा तिनं लहानपणापासून खाल्ला होता. दहावीला पास झाली तेव्हाचे पेढेही तिथलेच होते.

"मले तू हे कधी सांगतलं नाही."

"सांगतलं असतं तर तू डबा फेकला असता. खायच्या वस्तूवर कायले राग काढायचा?"

श्रुतीनं आईच्या हातातलं पाण्याचं भांडं घेतलं. मग म्हणाली, "आता काय करणार?"

"बर्फी. पहिला डबा तुझ्या वॉर्डाचा. दुसरा शेठजीचा."

"आणि त्यानं तो बी गाईले टाकला तर?"

"माझ्यासमोर टाकू दे मग."

दुपारी कढया घासताना करुणानं पुन्हा सगळं मनात फिरवलं. दुकानाच्या बर्फीच्या कढईला नेहमी बारीक धागे चिकटलेले असत. ते काढायला नख लावावं लागे. खव्याला धागा नसतो, संत्र्याचा धागा असा राहत नाही. मग ते काय? आणि अचानक तिला आठवलं, दर दोन दिवसांनी भट्टीच्या खोलीतून कोहळ्याच्या सालींची टोपली बाहेर येते. ती स्वतः टाकून येते. एकोणीस वर्षं टाकून येत होती.

संध्याकाळी तिनं बाजारातून कोहळं घेतलं. भाजीवाली म्हणाली, "ताई, पहिला चिरा घरच्या माणसाच्या हातानं द्या बरं. बाईनं अख्खं कोहळं कापू नाही." करुणानं मान हलवली, घरी आली आणि विळीवर बसून कोहळ्याचे सरळ दोन भाग केले.

शनिवारी पहाटे तिनं कोहळं किसून तसंच खव्यात घातलं. संत्र्याच्या फोडींची पातळ साल काढून नुसता आतला गर घेतला. बाहेरची साल अगदी वरवर किसली, पांढरं न येऊ देता. चव जमली होती. ती जमल्याचं कळताच तिचे डोळे भरून आले. पण बर्फी काही थापता येईना. शिऱ्यासारखी ताटात पसरली. घट्ट होईल म्हणून तशीच ठेवून ती कामावर गेली.

त्या दिवशी दुकानात बर्फीचे तीन घाणे झाले. शेवटची कढई हेमराज स्वतः घेऊन अंगणात आला. एरवी तो खुरप्यानं कढई इतकी खरवडून पाठवी की मुंगीलाही काही मिळू नये. आज तळाला तळहाताएवढा थर होता.

"हात दुखून राहिला आज," तो म्हणाला. "नीट खरवडता नाही आली."

आणि तिच्याकडं न बघता आत निघून गेला.

करुणानं अंगणाचं दार पाहिलं. कोणी नव्हतं. तिनं चमच्यानं तो थर सोडवला आणि तुकडा जिभेवर ठेवला. घाई केली नाही. कोहळ्याचा धागा दाताखाली आला तो कचकच वाजला, मुरंब्यातल्या फोडीसारखा. उजेडात धरला तर काचेसारखा आरपार. म्हणजे कोहळं आधी शिजवलेलं होतं, पिळून कोरडं केलेलं होतं, आणि मग साखरेत एकटंच आटवलेलं होतं. संत्र्याचा गर त्यानंतर. खवा सगळ्यात शेवटी. तिच्या घरी ताटात पडलेल्या शिऱ्याचं कारण एवढंच होतं की त्यात कोहळ्याचं सगळं पाणी तसंच राहिलं होतं.

तिनं उरलेला थर केळीच्या पानात बांधून घेतला नाही, घरी नेला नाही. खाऊन टाकला, पाणी प्यायली आणि कढई घासून पालथी घातली.

रविवारी तिची सुट्टी होती. विहाराच्या महिला मंडळाकडं कार्यक्रमाची मोठी पितळी कढई होती. ती मंडळाच्या प्रमिलाताईंकडून मागून आणली. गुणवंता सकाळीच अंगणात चटई टाकून संत्री सोलायला बसला. त्याच्या हाताला संत्र्याची सवय होती. फोडीची साल तो अशी ओढी की गर अख्खा हातात यायचा. श्रुतीनं कोहळं किसलं, उकडलं आणि पातळ लुगड्याच्या फडक्यात घालून पिळलं.

"अजून पिळ," करुणा म्हणाली.

"पाणी नाही निघून राहिलं आता."

"निघते. माझ्या हाती दे."

निघालं. अर्धी वाटी निघालं. श्रुती हसायला लागली.

मग करुणा कढईसमोर बसली. साखर आणि कोहळं. पांढरा कीस हळूहळू आरपार होत गेला. त्यात संत्र्याचा गर पडला तसा घरभर वास सुटला, इतका की उषाबाई भिंतीवरून डोकावून म्हणाल्या, "काय करून राहिले बावा हे लोक!" गर आटला, खुरप्यामागे रेघ राहू लागली. करुणानं गॅस बारीक केला, किसलेली साल भुरभुरली आणि आदल्या संध्याकाळी करून ठेवलेला खवा हातानं मोकळा करून त्यात घातला. आता थांबायचं नव्हतं. सुजलेल्या मनगटाला फडकं बांधून ती तळापासून हलवत राहिली. गुणवंता म्हणाला, मी धरतो जरा. ती म्हणाली, नका. तो बाजूला बसून राहिला.

गोळ्यानं कढई सोडली. चारही बाजूंनी, एकदम, मांजर अंग चोरून घेते तसं. करुणानं तूप लावलेल्या परातीत तो ओतला, वाटीच्या बुडानं सपाट केला. वर वर्ख नव्हता, तिच्याकडं कुठून येणार? तिनं तामियाकडच्या जंगलातली मूठभर चारोळी वर दाबून बसवली.

तीन वाजता तिनं सुरी लावली. वडी सरळ कापली गेली आणि उचलली तर वाकली नाही. पहिली वडी तिनं गुणवंताला दिली. तो चावत राहिला, गिळली, आणि दुसऱ्या वडीसाठी हात पुढं केला.

"मोजून आहेत," करुणा म्हणाली. तरी दिली.

सोमवारी पहिल्या गाडीनं श्रुती पांढुर्ण्याला गेली. पांढरा ड्रेस इस्त्री करून, हातात डबा धरून. गुणवंता तिला सोडायला गेला. करुणा त्यांना गाडीत बसवून घरी आली, अंघोळ केली, निळी साडी नेसली. ही साडी ती चौदा एप्रिलला नेसत असे. स्टीलचा छोटा डबा भरला आणि दहाला दुकानाकडं निघाली.

कामाची माणसं मागच्या गल्लीतून येत. करुणा समोरच्या तीन पायऱ्या चढून आली. दुकानात नागपूरच्या गाडीची वाट बघणारे चार-पाच लोक होते. गजाननशेठ गल्ल्यावर.

"अगं, इकडून कुठं?" ते म्हणाले. मग साडी पाहिली, डबा पाहिला. "अच्छा अच्छा! गेली का पोरगी?"

"गेली जी. तोंड गोड करा शेठजी."

"वा, वा. ठेव तिथं. खातो मग."

करुणानं डबा गल्ल्यावर ठेवला. झाकण उघडलं. आणि हात मागे घेतला नाही.

"मग नाही, शेठजी. आता खा. मी थांबते."

शेठनी इकडंतिकडं पाहिलं. एक गिऱ्हाईक कचोरी खायचं थांबलं होतं. "अगं, शुगर निघाली ना मले. डॉक्टरनं गोड बंद केलं."

"सकाळी पेढ्याचा घाणा चाखला ना तुम्ही? रोजच चाखता. ही बी चाखून पाहा."

ती ओरडली नाही, हसलीही नाही. भट्टीच्या दारात हेमराज येऊन उभा राहिला होता, हातात खुरपा तसाच. शेठच्या कपाळाला घाम आला असावा, कारण त्यांनी उगाच रुमाल काढला आणि परत ठेवला.   करुणा जागची हलली नाही. नागपूरची गाडी लागली आणि माणसं उठून गेली असती तरी ती हलली नसती.

शेठनी वडी उचलली. अर्धी तोडली, तोंडात टाकली.

सुरुवातीला त्यांचा चेहरा नुसता कसंतरी हे संपवू असा होता. मग तो बदलला. चाळीस वर्षं मिठाई विकणाऱ्या माणसाची जीभ त्याच्याही आधी कामाला लागते. त्यांनी डोळे बारीक केले. हातातली दुसरी अर्धी वडी उजेडात धरली, बोटांनी दाबली, तोंडात टाकली.

"कोहळं थोडं अजून पिळाले पाहिजे होतं," ते म्हणाले.

"हो जी. मले बी तेच वाटलं."

"साल पांढरी नाही येऊ दिली."

"नाही येऊ दिली."

शेठनी हेमराजकडं पाहिलं. हेमराज छताकडं बघत होता.

"मी नाही सांगतलं काही," हेमराज म्हणाला. ते खरंही होतं.

एक गिऱ्हाईक पुढं आलं. "शेठजी, ही नवीन आहे काय? किलोभर द्या यातली."

शेठ बोलायच्या आत करुणा म्हणाली, "विकायची नाही दादा. भेट आहे. पोरगी नोकरीले लागली. घ्या, तोंड गोड करा." तिनं डबा फिरवला. सगळ्यांनी घेतली. हेमराजनं दोन घेतल्या. मग रिकामा डबा काखेत मारून ती मागे अंगणात गेली, साडी खोचली आणि कढया घासायला बसली. 

दुपारी श्रुतीचा फोन आला. मोठ्या सिस्टरनं चार वड्या घरी नेण्यासाठी बाजूला काढून ठेवल्या होत्या. सगळ्यांनी विचारलं, कोणत्या दुकानाची. "मी सांगतलं, माझ्या आईची," श्रुती म्हणाली. तेवढ्यात तिला वॉर्डात बोलावलं म्हणून तिनं फोन ठेवला.

आठ दिवस गेले. करुणानं काही विचारलं नाही आणि काही मागितलंही नाही. नवव्या दिवशी शेठ पुन्हा अंगणात आले. इकडच्या तिकडच्या दोन गोष्टी केल्या, नळाची तोटी गळते म्हणाले. मग म्हणाले, "हेमराजचा हात आता नाही चालत. संक्रांतीची गर्दी येऊन राहिली. तू सकाळी बर्फीवर बसत जा."

"बसीन," करुणा म्हणाली. "पण मग कढया घासाले दुसरं माणूस पाहा. दोन्ही नाही करणार. आणि पगार कारागिराचा."

"एकदम?"

"एकोणीस वर्षं झाले शेठजी. एकदम कुठं?"

शेठ आत गेले. दोन दिवसांनी हो म्हणाले.

सगळं गोडच झालं असं नाही. जुन्या गिऱ्हाइकांपैकी एकानं भट्टीच्या दारातून करुणाला बसलेलं पाहिलं आणि तो नंतर आला नाही. शेठनी ती गोष्ट तिला ऐकवली, जरा तक्रारीच्याच सुरात. करुणानं विचारलं, "मग काय करू? उठू?" शेठ म्हणाले, "उठ कोण म्हणून राहिलं? काम कर." त्यांच्या मनात काय होतं ते त्यांनाच माहीत. पण त्यानंतर भट्टीच्या खोलीचं दार गर्दीच्या वेळीही उघडं राहिलं.

फेब्रुवारीत विहारात महिला मंडळाची बैठक झाली, तेव्हा बायकांनी करुणाला घेरलं. बर्फी कशी करतात? करुणानं सगळं सांगितलं. कोहळं किती, साखर किती, गर कधी, खवा कधी. बोरगावहून आलेल्या दोघीजणींनी मोबाईलवर तिचं बोलणं रेकॉर्ड करून घेतलं.

हे दुकानात कळलं तेव्हा हेमराज अस्वस्थ झाला. तो आता गल्ल्याजवळ बसून डबे बांधत असे. "अशी कृती कोणाले सांगत नसतात करुणाबाई," तो हळूच म्हणाला. "धंद्याची गोष्ट आहे."

करुणा कढईत खुरपा फिरवत होती. तिनं हात थांबवला नाही.

"मले कोणी सांगतली नाही म्हणून माझं सहा लिटर दूध गेलं, भाऊ. त्या बायांचं काहून जावं?"

हेमराजनं पुढचा डबा ओढला आणि दोरी बांधायला घेतली.